१०डब्ल्यू३० खरंच पातळ पडतं का? (ऑइल, फिल्टर, प्लग, सगळा घोळ एकाच धाग्यात)

स्कूटरवाली
नमस्कार मंडळी. घरात दोन दुचाक्या आहेत, माझी ११० ची ॲक्टिव्हा आणि ह्यांची स्प्लेंडर, आणि आता एक सेकंडहँड सीएनजी वॅगनआर घ्यायचं चाललंय. दोन्ही गाड्या कोपऱ्यावरच्या गॅरेजला जातात. मेकॅनिक दादा माणूस चांगला आहे, उधारी पण ठेवतो, पण तो येईल त्या गाडीत एकच ऑइल टाकतो, २०डब्ल्यू४०, ड्रममधून मापाने काढून. मी म्हटलं अहो पुस्तकात १०डब्ल्यू३० लिहिलंय, तर म्हणे "ताई ते पाण्यासारखं असतं, कंपनीला ॲव्हरेज दाखवायचं असतं म्हणून सांगतात, आपल्या उन्हात इंजिन बसेल". शिवाय एअर फिल्टर हवा मारून परत बसवतो, प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवतो, आणि ह्यावेळी म्हणाला इरिडियम प्लग टाका ॲव्हरेज वाढेल. म्हणजे एकीकडे कंपनीची ॲव्हरेज खोटी आणि दुसरीकडे त्याच्या प्लगची खरी :-) ह्यातलं नेमकं काय धरायचं आणि काय सोडायचं? यूट्यूब बघून डोकं फिरलंय, प्रत्येक जण वेगळाच डबा दाखवतो.

जुनाबजाज
मेकॅनिकचं ऐका. आम्ही बजाज सुपर चालवली, पंपावर ते २टी चं हँडल मारून लिटरमागे २० मिली ऑइल पडलं की झालं, कसली ग्रेड आणि कसलं काय. इंजिनाला ऑइल वेळेवर मिळाल्याशी मतलब. जाड ऑइलने आवाज कमी येतो हे तुम्ही स्वतः टाकून बघा.

नानापेठी
काका, टू स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, त्याला परत परत फिरायचं नव्हतं, तो हिशोबच वेगळा. फोर स्ट्रोकमध्ये तेच ऑइल हजारो किलोमीटर फिरतं म्हणून ग्रेडला महत्त्व आलं.

ताई, आधी जाड-पातळचा विषय घेऊ, बाकीचं त्यातूनच सुटेल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ डिग्रीला होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. आपल्याकडे उणे काहीच होत नाही म्हणून लोक तो आकडा सोडून देतात, ठीक आहे. नंतरचा आकडा १०० डिग्रीला मोजतात, म्हणजे इंजिन चांगलं गरम झाल्यावर. तिथे ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (जाडी मोजायचं माप, आकडा मोठा तेवढं जाड) बसायला लागतं, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. आता हेच १०डब्ल्यू३० ४० डिग्रीला मोजलं तर साठ-सत्तर भरतं. म्हणजे सकाळी पार्किंगमध्ये उभ्या गाडीतलं "पाण्यासारखं" ऑइल हे गरम इंजिनातल्या २०डब्ल्यू४० च्या चार-पाच पट जाड असतं! हिवाळ्यात खोबरेलाची बाटली बघितलीय ना, तसं पूर्ण गोठत नाही एवढंच. सकाळी स्टार्टर मारल्यावर ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला जो वेळ लागतो, झीज त्यात जास्त होते, आणि त्यावेळी तुम्हाला ऑइल पातळच हवं असतं.

दादाचं अर्धं खरं आहे हे मात्र मान्य करायला पाहिजे. कंपन्या पातळ ऑइलकडे गेल्या त्यामागे ॲव्हरेज आणि धुराचे नियम आहेतच. पण नुसतं पुस्तकात छापून गेल्या नाहीत, पंप, बेअरिंगमधली फट, ऑइलचे रस्ते, सगळं त्या ग्रेडला धरून बनवलंय. जाड टाकलं म्हणून ॲक्टिव्हाचं इंजिन उद्या बसणार नाही, पण मिळालं काय? थोडी ॲव्हरेज गेली, सकाळी गाडी जड, आणि जुनाबजाज काका म्हणतात तसा आवाज कमी. आवाज कमी होतो हे खरंच आहे, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या फटीचा, आवाज जाड ऑइल दाबून टाकतं. टॅपेट सेट करायचे झालेत हे मग कळत नाही, ते राहतं.

वऱ्हाडी_ऊन
भाऊ तुमचं पुण्याचं ठीक आहे, इथं मे महिन्यात ४५-४६ चालते, सीटवर बसवत नाही. इथं १०डब्ल्यू३० टाकून कोण चालवन? आमच्याकडं सगळे २०डब्ल्यू५० वालेच आहेत.

नानापेठी
भाऊ, बाहेर ४६ असो की ३०, एअर कूल्ड गाडीत ट्रॅफिकमध्ये ऑइल शंभरच्या वरच जातं, तुमच्याकडे त्यात अजून दहा-पंधरा डिग्री धरा. फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. म्हणूनच बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात तापमानाचा तक्ता असतो, कुठल्या हवेत कुठली ग्रेड चालेल ते पट्ट्यांनी दाखवलेलं. त्यात १०डब्ल्यू३० ची पट्टी ४० च्या पुढे जात असेल तर बिनधास्त टाका, नसेल आणि वरची ग्रेड दिली असेल तर उन्हाळ्यात ती टाका. पण पुस्तकातली. ५० ची उडी स्वतःच्या मनाने मारू नका. पल्सर १५० ला २०डब्ल्यू५० च सांगितलंय, बुलेट ३५० ला १५डब्ल्यू५० सांगितलंय, त्यांनी तेच टाकायचं, त्यांच्या बघून स्प्लेंडरमध्ये टाकायचं नाही.

अजून एक, मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. गिअरचे दात ऑइलमधली पॉलिमर (गरम झाल्यावरही ऑइल जाड ठेवणारी) अक्षरशः कातरतात, त्यामुळे नवं टाकलेलं २०डब्ल्यू५० काही हजार किमीनंतर ५० राहिलेलं नसतं. डब्यावरचा आकडा बघून कायमचं जाड मिळालं असं समजू नये.

सव्वाशेसीसी
ग्रेडवरच सगळे भांडताय, जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) कोणी बोलेना. ताईंच्या केसमध्ये तोच मोठा मुद्दा आहे कारण एक स्कूटर आणि एक बाईक.

डब्याच्या मागे बारीक चौकोनात जासो एमए, एमए२ किंवा एमबी लिहिलेलं असतं. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला घर्षण पाहिजे, म्हणून एमए किंवा एमए२. स्कूटरचा क्लच बाहेर, बेल्टच्या बाजूला कोरडा, त्याचा ऑइलशी संबंध नाही, म्हणून स्कूटरला एमबी, ज्यात घर्षण अजून कमी केलेलं असतं. चुकून एमए स्कूटरमध्ये गेलं तर काही बिघडत नाही, ॲव्हरेज किंचित इकडे तिकडे. पण एमबी बाईकमध्ये गेलं तर क्लच घसरू शकतो, रेस वाढते पण गाडी ओढत नाही, मग लोक क्लच प्लेट बदलून बसतात. कारचं ऑइल बाईकमध्ये टाकू नये ते ह्याच कारणाने, विशेषतः ज्या डब्यावर रिसोर्स कंझर्व्हिंग (म्हणजे इंधन वाचवणारं) लिहिलंय ते तर नाहीच.

एकाच ड्रममधून दोन्ही गाड्यांत जात असेल तर ते एमए असावं अशी आशा करायची, कारण ड्रमवर काय लिहिलंय आणि आत काय आहे हे दोन वेगळे विषय आहेत.

किकस्टार्ट
+१ जासो. आणि एपीआय (ऑइलच्या दर्जाचं अमेरिकन मानक) पण बघा. एस ने सुरू होणारं पेट्रोलसाठी, सी ने सुरू होणारं डिझेलसाठी. एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी असं पुढे पुढे नवीन होत जातं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पुस्तकात एसएल लिहिलं असेल तर एसएन चालतं, उलट नाही. बाईकवाल्यांनी मात्र एसपी दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये, आधी जासो, मग एपीआय.

सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो, कम्युटर गाडीला मिनरल किंवा सेमी वेळेवर बदललं तर पुरतं. फुल सिंथेटिक टाकून दुप्पट किलोमीटर ओढायचे आणि मधे लेव्हल बघायची नाही ह्यात काही फायदा नाही.

स्कूटरवाली
बापरे, इतकं असतं ह्यात! मग किती किलोमीटरला बदलायचं? दादा दोन हजारला बोलावतो, पुस्तकात सहा हजार आहे. आणि ऑइल काळं झालं की गेलं असं तो काडी काढून दाखवतो.

सव्वाशेसीसी
काळं होणं म्हणजे ऑइल आपलं काम करतंय, काजळी आणि घाण पकडून ठेवतंय. डिझेलमध्ये तर टाकल्या टाकल्या काळं होतं. रंगावरून काही ठरवू नका, अपवाद एकच, दुधी चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते लगेच काढायचं. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली असेल तर हे आवर्जून बघा.

अंतराचं म्हणाल तर आजकालच्या कम्युटरना पुस्तकात साधारण पाच-सहा हजार असतं. पण तुमची स्कूटर रोज दीड-दोन किलोमीटर, शाळा-भाजी-क्लास अशी चालत असेल तर इंजिन धड गरमच होत नाही, आत पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं, अशा वापराला तीन-चार हजारला बदललेलं बरं. दोन हजारला बदलण्यात गाडीचं नुकसान नाही, तुमच्या पाकिटाचं आहे.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लेव्हल. ॲक्टिव्हात ऑइल बसतंच मुळी पाऊण लिटरच्या आसपास, स्प्लेंडरमध्ये लिटरभर. त्यातलं दोन-अडीचशे मिली उडालं तर उरलं काय? पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, महिन्यातून एकदा बघा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर, तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसायची, आत नुसती टेकवायची, आटे फिरवून आवळायची नाही, मग बघायचं. आवळून बघितली की लेव्हल जास्त दिसते, आणि बरेच मेकॅनिकसुद्धा आवळून बघतात.

नानापेठी
आणि ताई, स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, शंभर-सव्वाशे मिली. ते बदलायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. विचारा दादाला कधी बदललं होतं ते, चेहरा बघण्यासारखा होईल.

धुरळा
फिल्टरवर कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण माझं रोजचं येणंजाणं मुंबई-गोवा हायवेच्या कामाजवळून आहे आणि एअर फिल्टर ह्या विषयात मी आता पीएचडी आहे.

ताई, तुमच्या ॲक्टिव्हात जो कागदी फिल्टर आहे तो चिकट असतो, त्याला व्हिस्कस म्हणतात, कंपनीतूनच त्यावर ऑइलचा हात दिलेला असतो, धूळ त्याला चिकटते. त्याला हवा मारली की चिकटलेली धूळ आत ढकलली जाते, कागदाला बारीक भोकं पडतात आणि तेलकटपणा जातो. मग तो फिल्टर दिसतो स्वच्छ आणि काम करतो जाळीचं. तो साफ करायचाच नसतो, सरळ बदलायचा. पुस्तकात १५-१८ हजारच्या आसपास असतं, धुळीचा रस्ता असेल तर त्याच्या निम्म्यात. किंमत दोन-चारशे, पिस्टन-सिलिंडरचं काम किती ते विचारून बघा.

कोरडा कागदी फिल्टर असेल, कारमध्ये बहुतेक तोच, तर हलकी हवा चालते पण आतून बाहेर, आणि लांबून. जुन्या बऱ्याच गाड्यांत स्पंज असतो, तो रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुवायचा, दाबून वाळवायचा, पिळायचा नाही, मग ऑइलमध्ये बुडवून परत दाबून काढायचा. लोक धुतात आणि कोरडाच बसवतात. कोरड्या स्पंजातून तांबडी माती आरपार जाते हो.

कायमस्वरूपी धुऊन वापरायचे कॉटनचे महागडे फिल्टर असतात ते मी तरी टाकत नाही. आवाज भारी येतो, पण धूळ जास्त सोडतात, आणि कारमध्ये त्यांचं तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

कारवाल्यांना कोकणातून फुकट सल्ला, एअर फिल्टरचा डबा उघडताना आधी टकटक करा, उंदीर असू शकतो. थट्टा नाही.

शेतकरीगडी
धुरळा भौ, तुमची धूळ म्हणजे काहीच नाही, रोटाव्हेटर मारताना किंवा मळणी चालू असताना ट्रॅक्टरमागं उभं राहून बघा एकदा.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर आहे. खाली वाटी असते, तिच्यात खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरायचं, हवा त्या ऑइलवरनं वळसा घेऊन जाळीतनं वर जाते, धूळ वाटीत बसते. धुळीच्या दिवसात रोज उघडून बघावी लागते, खाली चिखलाचा थर दिसतो. पोरं ती वाटी खुणेच्या वरपर्यंत भरतात, त्यांना वाटतं जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं. मग इंजिन ते ऑइल ओढतं आणि डिझेल इंजिनाला ऑइल ओढायला मिळालं की ते आवरत नाही, डिझेल बंद केलं तरी पळत राहतं. खुणेपर्यंतच. आणि ऑइल किलोमीटरवर नाही, तासावर बदलायचं, मीटर बंद असेल तर भिंतीवर खडूनं लिहा पण लिहा.

प्लगचं आम्हाला टेन्शन नाही, डिझेलला स्पार्क प्लगच नसतो :-)

स्कूटरवाली
धुरळा, शेतकरीगडी, दोघांचे आभार, वाटीचं तर माहितच नव्हतं. बरं आता ऑइल फिल्टर? गॅरेजच्या बिलात कधी दिसलाच नाही.

नानापेठी
दिसणार नाही, कारण तुमच्या दोन्ही गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर नाहीच. ॲक्टिव्हा ११० मध्ये जाळी आहे, ऑइल काढतात तिथेच ती असते, धुऊन परत बसवायची. स्प्लेंडरमध्ये जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरणारी वाटी आहे, सेंट्रिफ्यूगल फिल्टर. ऑइल त्यातून जाताना जड घाण बाहेरच्या कडेला फेकली जाऊन तिथे घट्ट बसते. फार हुशारीची साधी गोष्ट आहे, पण ती वाटी कधीतरी उघडून साफ करावी लागते आणि त्यासाठी उजवीकडचं कव्हर काढावं लागतं, गॅस्केट नवं लागतं, म्हणून कोणी करत नाही. जुनी गाडी आहे तर एकदा करून घ्या, आतला गाळ बघून ह्यांनाही पटेल.

पल्सर, बुलेट अशांना कागदी फिल्टर असतो, तो बदलताना कुठली बाजू आत होती त्याचा फोटो काढून ठेवा, उलटा बसला तर ऑइलची वाट अडते. वॅगनआरला डब्यासारखा फिल्टर येईल. ऑइल बदललं की फिल्टर बदलायचाच, जुन्या फिल्टरमध्ये थोडं घाण ऑइल तसंच राहतं. त्याच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण वळसा, पाना लावून ताकद दाखवायची नाही. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये आतला रबरी व्हॉल्व्ह धड नसतो, मग रात्रभर ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर दोन सेकंद खडखड येते.

ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवा, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये बोल्ट ताकदीने आवळून आटे गेलेल्या गाड्या रोज येतात.

किकस्टार्ट
आता प्लग. हा माझा लाडका विषय, थोडं लांबेल.

साधा निकेलचा प्लग कम्युटर गाडीत दहा-बारा हजार चालतो, नंतर त्याची कड गोल होते आणि गॅप (ठिणगी उडते ती फट) वाढते. पॉलिश पेपरने घासून त्याचा रंग बदलतो, कड परत येत नाही, आणि पेपरचे कण चिनीमातीच्या फटीत जाऊन बसतात ते वेगळंच. नवा साधा प्लग शे-दीडशेत येतो, एवढ्यासाठी घासत बसू नये. रस्त्यात बंद पडली तर घासा, घरी पोचा, बदला.

इरिडियमचं म्हणाल तर तो जास्त टिकतो, त्याचं टोक अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं आणि इरिडियम २४४६ डिग्रीला वितळतं, निकेल १४५५ ला. बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, गार गाडी पटकन लागते. पण चांगल्या अवस्थेतल्या साध्या प्लगच्या जागी टाकून ॲव्हरेज वाढेल हे विसरा. लोकांना फरक जाणवतो कारण ते चाळीस हजार चाललेला जुना प्लग काढून नवा इरिडियम टाकतात, नवा साधा टाकला असता तरी तेवढाच जाणवला असता. आणि इरिडियमची गॅप त्या गोल नाण्यासारख्या गेजने दाबून सेट करू नका, टोक तुटतं.

नंबर जपून बघा. एनजीकेचं उदाहरण घेतो, सीपीआर८ईए-९. सी म्हणजे १० मिमी आटे, पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ हा हीट रेंज (प्लग चालताना किती गरम राहतो ते), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिमी. लांबी चुकली तर एकतर ठिणगी खड्ड्यात बसते नाहीतर पिस्टन येऊन आपटतो. आता हीट रेंजची खोच, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून "आठ नंबर दे" असं काउंटरवर म्हणू नका, पूर्ण नंबर किंवा गाडीचं मॉडेल आणि साल सांगा.

जुनाबजाज
आमच्या वेळी मायको म्हटलं की काम संपायचं.

किकस्टार्ट
काका ती मायको म्हणजेच आताची बॉश, २००८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. तुम्ही आजही बॉश टाकत असाल तर तुमच्या वेळचंच टाकताय :-)

आणि हो, रेझिस्टरवाला आर विसरू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आर नसलेला प्लग टाकला तर ठिणगीच्या लहरींनी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, गोंधळू शकतो.

पुलसरप्रेमी_नगर
पल्सर डीटीएसआय वाल्यांनी लक्षात ठेवा, १५० ला दोन प्लग आहेत आणि एनएस २०० ला तीन. गॅरेजवाला वरचा, दिसणारा बदलतो आणि नजरेआडचा तसाच सोडतो. एक मेलेला असला तरी गाडी चालते त्यामुळे कळत पण नाही, फक्त ॲव्हरेज आणि ओढ कमी होते. मोजून जुने प्लग हातात मागून घ्या.

धुरळा
प्लग काढलाच आहे तर त्याचा रंग बघायला शिका. विटकरी-तपकिरी म्हणजे सगळं आलबेल. कोरडा काळा कुट्ट म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील, प्लग बदलून हे जाणार नाही. पांढरा फटक आणि फोड आल्यासारखा म्हणजे इंजिन तापतंय, कुठून तरी हवा ओढतंय, नाहीतर प्लग चुकीचा गरम आहे.

बसवताना सगळे आटे हातानेच. गार इंजिनावर. तिरका लागला तर लगेच कळतं, पान्याने कळत नाही. वॉशर टेकला की नव्या प्लगला अर्धा वळसा, जुनाच परत बसवत असाल तर अगदी जरासा.

रिक्षाभाडं
वॅगनआर सीएनजी घेताय तर माझा अनुभव सांगतो, मी सीएनजीवरच पोट भरतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगची गॅप थोडी जरी वाढली तरी सीएनजीवर आधी कळतं. गाडी पेट्रोलवर मस्त आणि सीएनजीवर चढाला झटके देत असेल तर आधी प्लग बघायचे, मग कॉइल, मग एअर फिल्टर. लोक लगेच किटवाल्याकडे पळतात आणि तो रेग्युलेटर बदलायला सांगतो. वॅगनआर एक लिटरला तीन सिलिंडर तीन प्लग, तिन्ही एकदम बदला. पेट्रोलच्या किलोमीटरवर जाऊ नका, लवकर बदला. गॅप पुस्तकात सीएनजी मॉडेलला दिली असेल तीच ठेवा, स्वतः वाढवू नका.

ऑइल सीएनजीवर काळं कमी होतं, काडीवर सोनेरी दिसतं, त्यावर जाऊन किलोमीटर वाढवू नका. काजळी होत नाही म्हणून गोरं दिसतं, पण गॅस गरम जळतो आणि ऑइल आतून जुनं होतच असतं.

मुक्कामपोस्ट_डल्लास
इथे अमेरिकेत माझ्या टोयोटाला ०डब्ल्यू२० आहे आणि दहा हजार मैलांना बदला म्हणतात, टेक्सासच्या उन्हाळ्यात. आईबाबा भारतातून आले की बाबा काडी बघून म्हणतात हे काय पाणी भरलंय :-) धाग्याशी संबंध एवढाच की पातळ ऑइलने गरम हवेत इंजिन बसतं असं काही नाही. पण हे आकडे तसेच उचलून तिकडे वापरू नका, इथे हायवेवर एकसलग चालते गाडी.

एक्सयूव्हीवाला
डिझेल बीएस६ वाल्यांसाठी एक. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, काजळी पकडणारा. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (युरोपचं मानक) सी२ किंवा सी३ बघा, पुस्तकात जे असेल ते. साधं ट्रकचं डिझेल ऑइल टाकलं तर त्यातल्या रसायनांची राख डीपीएफमध्ये साठते आणि काजळी जळून जाते तशी ती जळत नाही. डीपीएफची किंमत इथे लिहिली तर वाचणाऱ्याला घाम फुटेल.

दुसरं, काडीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. डीपीएफ जाळायला इंजिन जादा डिझेल मारतं, तुम्ही नेमकं मधेच गाडी बंद केली असं वारंवार झालं की ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. रोज पाच किमी शहरात चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा हायवेला पंधरा-वीस मिनिटं न्या. लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल बदला.

स्कूटरवाली
इतकी माहिती मिळाली की प्रिंट काढून दादालाच देते. एक राहिलं, नकली माल. ऑनलाइन घेऊ का दुकानातून? ड्रम तर आता बंदच.

नानापेठी
मी स्पेअरच्या काउंटरच्या आत बसतो त्यामुळे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा :-) ऑइल शोरूमच्या स्पेअर काउंटरवरून किंवा ऑइल कंपनीच्या स्वतःच्या पेट्रोल पंपावरून घ्या, सर्व्हो, मॅक, एचपी तिथेच मिळतात आणि वाईट नाहीत, लोक उगाच नाक मुरडतात. वाहन कंपनीचं "जेन्युइन" ऑइल पण कुठल्यातरी ऑइल कंपनीनेच भरलेलं असतं. योग्य ग्रेड, योग्य जासो आणि खरा माल, ह्या तीन गोष्टी जमल्या की ब्रँड कुठला ह्यावर मी एक मिनिट घालवत नाही.

प्लगमध्ये नकली ओळखायला सोपं आहे. अस्सल प्लगचा वॉशर हाताने ओढून निघत नाही, नकलीचा गळून पडतो. छपाई पुसट, मधलं टोक मध्यावर नाही, चिनीमाती खरखरीत, असं दिसलं की परत करा. ऑनलाइन एखादी गोष्ट निम्म्या किमतीत दिसली तर समजून जा.

आणि रिकामा डबा गॅरेजला सोडू नका. झाकण फोडा, डब्याला भोक पाडा, मग टाका. अख्खा डबा भंगारात चांगल्या भावाने जातो आणि कशासाठी जातो ते सांगायला नको.

शेतकरीगडी
काढलेलं जळकं ऑइल पण गटारात ओतू नका लोकहो. आमच्याकडं सेंट्रिंगवाले न्यायला येतात, प्लेटांना लावतात, दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, पण ते काही चांगलं नाही, हाताला लागतं, मातीत मुरतं.

किकस्टार्ट
बरोबर. जमत असेल तर डब्यात भरून ज्या वर्कशॉपमध्ये ऑइल बदलतात तिथेच द्या, मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून ते रीसायकलवाल्यांकडे जातं. घरी करत असाल तर ताई, ॲक्टिव्हाचं ऑइल गाडी थोडी गरम करून काढा, खाली परात घरातली चांगली घेऊ नका, जाळीची स्प्रिंग बोल्टबरोबर टपकन खाली पडते ती परातीतच शोधा, आणि नवं ऑइल एकदम सगळं ओतू नका. आधी सहाशे मिली, मग काडी, मग थोडं थोडं.

स्कूटरवाली
परात ह्यांच्या आईची आहे, ती तर नाहीच :-) रविवारी ह्यांच्या स्प्लेंडरची वाटी उघडायला दादा तयार झालाय, गॅस्केट आम्ही आणून द्यायचं ह्या अटीवर. नानापेठी, मॉडेल आणि साल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, तुमच्याकडे मिळेल का?

नानापेठी
मिळेल. येताना आरसीचा फोटो आणा, त्या इंजिनात दोन तऱ्हेची कव्हरं आली होती.